आधी पुस्तक, मग सिनेमा: घरच्या घरी कट्टा कसा चालवावा

कादंबरीवरून केलेला सिनेमा पाहून चार वाचणारी माणसं बाहेर आली की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, ‘पुस्तकाची सर नाही हो!’ बाकीचे माना डोलावतात आणि विषय भेळेकडे वळतो. वाक्य खोटं असेल असं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. पुस्तकातलं काय पडद्यावर आलंच नाही, त्याच्या जागी काय आलं आणि ते दिग्दर्शकाला का करावं लागलं, हे शोधायला बसलं तर एक संध्याकाळ अपुरी पडते. मात्र त्यासाठी पुस्तक एका विशिष्ट पद्धतीनं वाचावं लागतं, सिनेमा जरा शिस्तीत पाहावा लागतो आणि चर्चेला थोडा लगाम घालावा लागतो. पुण्यात वाचनालयं आहेत, सिनेमाचा अभ्यास करणाऱ्या संस्था आहेत आणि मत असलेल्या माणसांची तर कधीच टंचाई नव्हती. सहा ते दहा जण जमवा, महिन्याला पुस्तक-सिनेमाची एक जोडी ठरवा. कुणाचा तरी दिवाणखाना पुरतो.

जोडी निवडताना

पहिल्यांदा जाड कादंबरीच्या वाट्याला जाऊ नका. लोक वाचून येत नाहीत, मग अर्धे जण गप्प बसतात आणि अर्धे गोष्ट सांगत बसतात. दीर्घकथा किंवा लघुकथा घ्या. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’ या दीर्घकथेवरून सत्यजित राय यांनी १९६४ साली ‘चारुलता’ केला. जपानी लेखक अकुतागावाच्या ‘रोशोमोन’ आणि ‘इन अ ग्रोव्ह’ या दोन छोट्या कथांवरून अकिरा कुरोसावा यांनी १९५० साली ‘रोशोमोन’ केला. दोन्ही कथा मिळून एका बैठकीत वाचून होतात आणि सिनेमा ८८ मिनिटांचा. नव्या कट्ट्याला यापेक्षा सोयीची जोडी क्वचितच मिळेल.

मराठीतूनच सुरुवात करायची असेल, आणि बहुतेकांना तेच आवडेल, तर ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींचं पुस्तक सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेलं असतं. आचार्य अत्रे यांच्या १९५३ सालच्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. अडचण एकच: सगळ्यांना वाटतं आपल्याला ते पाठ आहे. म्हणून या जोडीला पुस्तक पुन्हा वाचण्याची अट घालाच. लहानपणी रडून वाचलेलं पुस्तक आणि पन्नाशीत पेन्सिल घेऊन वाचलेलं पुस्तक, यांत बरंच अंतर असतं.

नाटकावरचे सिनेमे सुरुवातीला टाळावेत, असं माझं मत आहे. नाटकात संवाद तयार असतात, पात्रं बोलत असतात, त्यामुळे रूपांतराचे टाके चटकन दिसत नाहीत. सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली पडद्यावर आणलेलं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ मोलाचं आहे, पण कट्टा चांगला मुरल्यावर.

पुस्तक मिळवणं

चालू आवृत्त्या अप्पा बळवंत चौकात मिळतात. जुन्या, छापील बाजारातून गेलेल्या पुस्तकांसाठी वाचनालयच गाठावं लागतं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं, नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय १९११ पासूनचं. दोन्हीकडे जुन्या कादंबऱ्यांचा साठा मोठा आहे. दहा जणांत एकच प्रत असेल तर ती फिरवण्याचा क्रम आधीच लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच वाचकाकडे ती महिनाभर मुक्काम करते. अनुवादातून वाचणार असाल तर शक्यतो सगळ्यांनी एकच अनुवाद घ्या. चर्चेत ‘माझ्या पुस्तकात असं नाही’ सुरू झालं की संपलंच.

पेन्सिल घेऊन वाचणं

साधं वाचन आणि सिनेमासाठीचं वाचन यांत फरक समासातल्या तीन खुणांचा. ग्रंथालयाची प्रत असेल तर अर्थातच खुणा वहीत, पान क्रमांकासह.

जे डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल, त्याला ‘दि’. पात्राच्या मनात चाललेलं, त्याला ‘म’. आणि लेखक स्वतः मधे बोलतो, टिप्पणी करतो, काळाची उडी मारतो, तिथे ‘क’, म्हणजे कथेकऱ्याचं. वीस-पंचवीस पानं अशी वाचली की पुस्तकाचा पोत कळतो. ‘दि’ भराभर पडत असतील तर दिग्दर्शकाचं काम त्यामानाने सोपं होतं. समास ‘म’ आणि ‘क’नी भरला असेल तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं याचा अंदाज येतो.

‘श्यामची आई’ची रचनाच पाहा. पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एकेक आठवण सांगतो. म्हणजे प्रसंग लहानपणचा, पण सांगणारा आवाज मोठ्या माणसाचा, पश्चात्तापाने आणि कृतज्ञतेने भरलेला. लहान श्याम जेव्हा हट्ट करतो तेव्हा वाचकाला आधीच माहीत असतं की हा पुढे यासाठी हळहळणार आहे. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून दगडावर पदर पसरायला लावणारा श्याम आठवा. तो प्रसंग स्वतः दृश्य आहे, पण तो इतकी वर्षं लक्षात राहिला त्याला कारण त्यामागचा सांगणारा. ‘दि’ आणि ‘क’ एकाच ओळीत. वाचताना अशा जागांवर दोन्ही खुणा करा आणि सिनेमा पाहताना शोधा: तो मोठ्या श्यामचा आवाज कुठे गेला? कुणाच्या चेहऱ्यात, कुठल्या गाण्यात, की गळूनच पडला?

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तही (कादंबरी १९५५, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५) अडचण याच जातीची आहे. तिथे सगळं तरुण शिक्षकाच्या ‘मी’तून येतं. कॅमेऱ्याला तो ‘मी’ बाहेरूनच बघावा लागतो.

एक पान स्वतः लिहून बघणं

ही पायरी लोक टाळायला बघतात. टाळू देऊ नका. सिनेमा पाहण्याआधी प्रत्येकाने पुस्तकातला एकच प्रसंग निवडून त्याचं पंधरा-वीस ओळींचं दृश्य लिहायचं. नियम दोनच. ‘तिला वाटलं’, ‘त्याला आठवलं’ असली क्रियापदं वर्ज्य. आणि पात्राने आपल्या मनातलं दुसऱ्याला धडाधड सांगून टाकायचं नाही.

पहिले दोन-तीन परिच्छेद सुखात जातात. मग लिहिणारा अडतो, कारण पुस्तकातलं जे आवडलं होतं ते नेमकं या दोन नियमांच्या पलीकडे असतं. आता काहीतरी वस्तू शोधावी लागते, एखादी हालचाल, एखादा आवाज. पटकथाकाराचं डोकं कुठे दुखतं ते इथे कळतं. आमच्याकडे एका निवृत्त बँकवाल्या काकांनी अख्खा प्रसंग अंगणातल्या नळाच्या आवाजावर उभा केला होता आणि तोवर त्यांनी आयुष्यात हिशोबाखेरीज काही लिहिलं नव्हतं.

लिहिलेलं पान कुणालाही दाखवायचं नाही. घडी घालून पुस्तकात ठेवायचं. सिनेमा झाल्यावरच काढायचं.

सिनेमा मिळवणं आणि पाहणं

वाचन संपल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी सिनेमा लावू नका. पाच-सात दिवस मधे जाऊ द्या. पुस्तक ताजं असलं की माणूस सिनेमा पाहत नाही, हजेरी घेत बसतो: हे आलं, ते आलं नाही, हिचे केस लांब होते. थोडं विसरायला झालं की सिनेमाला स्वतःचं काही सांगायची संधी मिळते.

प्रत तपासा. जुन्या सिनेमांच्या काटछाट केलेल्या प्रती सर्रास फिरतात. मूळ लांबी शोधा आणि तुमच्याकडच्या प्रतीशी ताडून बघा. आठ-दहा मिनिटांचा फरक दिसला तर ‘दिग्दर्शकाने हा प्रसंग गाळला’ असं ठासून सांगण्याआधी थांबा, गाळणारा भलताच कुणी असू शकतो. उपशीर्षकं चालू होतात का ते आदल्या दिवशी बघून ठेवा.

रविवारी दुपारी ठेवायचा मोह होतो. पुण्यात एक ते चार ही वेळ पवित्र असते, ‘चारुलता’च्या पहिल्या दहा मिनिटांत निम्मा कट्टा घोरत असेल. साडेचारला चहा, पाचला सिनेमा, साडेसातला चर्चा हे गणित चांगलं बसतं. मधे थांबवायचं नाही, ‘मागे घे जरा’ म्हणायचं नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

घरी मित्रमंडळींत पाहणं वेगळं आणि सोसायटीच्या सभागृहात फलक लावून दाखवणं वेगळं. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. त्या मुदतीतला सिनेमा जाहीर दाखवायचा तर, तिकीट नसलं तरी, हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी घ्या.

मोठ्या पडद्यावर पाहायला मिळालं तर काय विचारता! लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा, आणि जानेवारीच्या सुमाराला होणाऱ्या पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवावरही. एखादा जुना सिनेमा तिथे लागणार असेल तर त्या महिन्याची जोडी खुशाल बदला.

चर्चा: पहिला अर्धा तास ‘चांगलं-वाईट’ बंद

पुस्तक सरस की सिनेमा, हा प्रश्न पहिला अर्धा तास कुणी काढायचा नाही. काढला तर पुढच्या वेळचा चहा त्याच्याकडे. हा नियम हसतखेळत पण खरंच पाळा.

वहीत चार रकाने आखा: गेलं, आलं, हललं, बदललं. पुस्तकातलं जे गळलं ते पहिल्यात. पुस्तकात नसलेलं नवीन ते दुसऱ्यात. क्रम बदलून पुढे-मागे गेलेलं तिसऱ्यात, आणि तीच गोष्ट वेगळ्या रूपात आली असेल तर चौथ्यात. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी सांगायचं. ‘गेलं’चा रकाना पटापट भरतो, कारण तक्रार करायला सोपी. ‘आलं’चा रकाना रिकामा राहतो आणि खरं काम तिथेच आहे. लोकांना आठवतच नाही की हे दृश्य पुस्तकात नव्हतं. चांगल्या रूपांतराचं ते लक्षण.

‘चारुलता’वर हे करून बघू. रवींद्रनाथ सुरुवातीलाच, दोन-चार वाक्यांत, चिमटा काढत सांगतात की भूपती इंग्रजी वर्तमानपत्र चालवण्यात इतका गढला होता की आपली बालवधू चारू तरुण झाली ही मोठी बातमी संपादकमहाशयांना नीट कळलीच नाही. समासात मोठा ‘क’. हे वाक्य कॅमेऱ्याने कसं दाखवायचं?

राय यांनी ते वाक्य कुणाच्या तोंडी घातलं नाही. सिनेमा सुरू होतो तेव्हा चारू रुमालावर ‘बी’ हे इंग्रजी अक्षर भरते आहे. भरून होतं. मग करायला काही उरत नाही. ती पुस्तकांच्या कपाटापाशी जाते, खोल्यांतून हिंडते. रस्त्यावरचा आवाज ऐकून दांडीची दुर्बीण आणते आणि एका खिडकीच्या झडपांतून दुसरीच्या झडपांकडे धावत बाहेरची माणसं न्याहाळते: माकडवाला, पालखी, छत्री घेतलेला जाडजूड गृहस्थ. काही मिनिटं जवळजवळ संवादच नाहीत. तेवढ्यात भूपती येतो, हातातल्या पुस्तकात डोकं खुपसून तिच्या अगदी जवळून निघून जातो, तिला पाहतही नाही. चारू त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघते आणि मग तीच दुर्बीण डोळ्यांना लावते. स्वतःच्या नवऱ्याकडे, रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

हा सगळा भाग ‘आलं’च्या रकान्यात. कथेत दुर्बीण नाही. पण ‘बदललं’च्या रकान्यातही तो बसतो, कारण संपादकाला न कळलेल्या बातमीचंच हे रूपांतर आहे. चर्चेत लोक या दोन रकान्यांवरून भांडले तर भांडू द्या. आता हे दृश्य पुन्हा एकदा लावा, या वेळी थांबवत थांबवत. मग शेवट घ्या. कथेत भूपती आधी चारूला बरोबर न्यायला नकार देतो, मग चल म्हणतो, आणि चारू म्हणते, नको, राहू दे. बोलण्यात संपलेली गोष्ट. सिनेमात ती हात पुढे करते, तो करतो, आणि हात भेटण्याआधीच चित्र गोठतं. घरोघरच्या पुस्तकांतून घडी घातलेली पानं आता बाहेर काढा.

‘पथेर पांचाली’ला (बिभूतिभूषण यांची कादंबरी १९२९, राय यांचा सिनेमा १९५५) आगगाडीचा प्रसंग घ्या. कादंबरीत दुर्गा आणि अपू ही भावंडं रेल्वे बघायला निघतात पण गाडी काही दिसत नाही. आजारी दुर्गा अपूला म्हणते, बरी झाले की एकदा आगगाडी दाखवशील ना? सिनेमात काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून गाडी धडधडत येते आणि अपू तिच्यापाशी पोहोचतो. दिग्दर्शकाने गाडी दिली, आणि त्या वाक्याचं वजन बदललं. काय मिळवलं, काय घालवलं? यावर आमच्या कट्ट्याचं आजवर एकमत झालेलं नाही, होऊही नये. जाता जाता सांगण्यासारखं: पहिल्या चित्रीकरणानंतर आठवड्याने राय मंडळी परत गेली तर काश गुरांनी खाऊन टाकलेला. पुढच्या हंगामापर्यंत थांबावं लागलं. रूपांतराच्या चर्चेत आपण सगळं श्रेय-अपश्रेय दिग्दर्शकाच्या बुद्धीला देतो, गुरांचा हिशोब धरत नाही.

‘रोशोमोन’ला फार वेळ लागत नाही. ‘इन अ ग्रोव्ह’मध्ये सात जबान्या आहेत आणि त्यातून सत्य निघत नाही, लेखक तिथेच सोडून देतो. सिनेमात लाकूडतोड्याची आणखी एक जबानी आणि शेवटी टाकून दिलेलं बाळ येतं. ‘आलं’च्या रकान्यात हे दोनच लिहा आणि विचारा: कुरोसावाला ते कशाला हवं होतं? रात्रीचे दहा वाजतील.

एक महिना ‘कुंकू’साठी

पुण्यात राहून ही जोडी न करणं म्हणजे घरचं सोडून बाहेर जेवायला जाणं. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. तिच्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ १९३७ चा, नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा (शांता आपटे) त्याला नवरा मानायला नकार देते. कादंबरीसाठी ग्रंथालयात आधीच नाव घालून ठेवा.

इथे चर्चेचा भर कानांवर ठेवा. या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं: पावलं, भांडी, घड्याळ, ग्रामोफोन. कादंबरीकाराला नीराचा कोंडमारा शब्दांत सांगता येतो. इथे तो कोंडमारा शांततेतल्या आवाजांनी उभा केला आहे, आणि त्या वकिलाचं, काकासाहेबांचं (केशवराव दाते), वय भिंतीवरच्या घड्याळाने. पहिली वीस मिनिटं डोळे मिटून फक्त ऐकायची आणि ऐकलेल्या आवाजांची यादी करायची, असाही प्रयोग करता येतो. सकाळी प्रभात रस्ता, लॉ कॉलेज रस्ता असा फेरफटका आणि संध्याकाळी सिनेमा, असा बेत ठेवला तर एरवी न येणारेही येतात.

कट्ट्यावरचे नेहमीचे यशस्वी

प्रत्येक गटात एक प्राध्यापक निघतोच, पेशाने नसला तरी वृत्तीने. त्याला नोंदवही द्या. लिहिणाऱ्याला भाषण करता येत नाही. पुस्तक न वाचताच कट्ट्यावर येणाऱ्याला हाकलू नका, उलट त्याचा उपयोग करा. सिनेमा स्वतःच्या बळावर कळतो की नाही हे फक्त तोच सांगू शकतो. बाकीच्यांनी पुस्तकातून भरून काढलेल्या जागा त्याला रिकाम्या दिसतात. आणि ‘पुस्तकाला न्याय दिला नाही’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: कुठलं पान?

सहा-आठ महिन्यांनंतर: ‘सिंहासन’

गट तयार झाला की जब्बार पटेल यांच्या १९७९ सालच्या ‘सिंहासन’कडे वळा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांची विजय तेंडुलकरांनी एक पटकथा केली. दोन्ही वाचा असं सांगितलं तर निम्मे जण दांडी मारतील. त्यापेक्षा गटाचे दोन भाग करा. अर्ध्यांनी ‘मुंबई दिनांक’ वाचायची, अर्ध्यांनी ‘सिंहासन’, आणि एकमेकांना गोष्ट सांगायची नाही. सिनेमाला शेजारी-शेजारी बसताना दोन्ही गटांतली माणसं आलटून-पालटून बसवा. निळू फुल्यांचा दिगू टिपणीस, श्रीराम लागूंचे विश्वासराव, अरुण सरनाईकांचे मुख्यमंत्री पडद्यावर येत जातील तसतसं प्रत्येकाने वहीत फक्त एवढंच टिपायचं: हे माझ्या पुस्तकातलं, हे माझ्या पुस्तकातलं नाही. सिनेमा संपल्यावर दोन्ही वह्या एकमेकींशेजारी ठेवा. दोघांनीही ‘माझ्यातलं नाही’ म्हणून टिपलेल्या जागा शोधा आणि चर्चा तिथून सुरू करा.